दुसरी सही

दुपारचे चार वाजून गेले की काकाजींचा कशावरच भरवसा राहत नसे. घड्याळाकडे बघायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "झालं. आता उजेड खोटं बोलाले लागला." मग शर्टाचं कापड घ्यायचं असो, आंबे निवडायचे असोत, की समोरचा माणूस आजारी आहे का हे ठरवायचं असो, काम उद्यावर जायचं. भाड्याची खोली बघायला मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेचार झाले होते. त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. "उद्या सकाळी या मास्तर. आता तुमी मले बरे दिसता, पन त्याचा काई भरोसा नाई."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी मला अंगणात उभं केलं, नीट पाहिलं आणि वरची खोली दिली. बोरी अरबच्या शाळेत गणित शिकवायला आलेला मी एकटा माणूस. पुढची साडेचार वर्षं तिथंच राहिलो.

गावात त्यांना सगळे ग्रेडर म्हणत. मी काकाजी म्हणायचो. वीसेक वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर होते. गाडीतला कापूस बघून त्याची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा किती लांब आहे ते बघायचं, मग उत्तरेच्या उजेडाकडे धरून त्याचा पांढरेपणा बघायचा. चारनंतर ते कापसाला हात लावत नसत. लाइनीतले ट्रॅक्टरवाले आणि बैलगाडीवाले त्यांचा उद्धार करायचे. काकाजी शांतपणे डबा धुवायला निघून जायचे. त्यांची माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत असे. तिनं वेचलेला कापूस कुणी घाईनं बघून कवडी, म्हणजे किडका-डागी माल, म्हणून बाजूला फेकलेला त्यांनी लहानपणी पाहिला होता, त्यामुळे घाई हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता.

प्रतीवरून भांडण झालं की केंद्रावर दुसऱ्या ग्रेडरला बोलवत. त्यानं पहिल्याचा शेरा न बघता आपला शेरा लिहायचा आणि खाली सही करायची. या दुसऱ्या सहीला काकाजी फार मानत. "एका मानसाचा डोया म्हनजे अंदाज असते मास्तर. दोघाईचा जुळला तं मंग निकाल."

मी आलो ती वर्षं कापसाची पडती वर्षं होती. केंद्र एखाद्या हंगामात उघडायचं, एखाद्यात नाही. व्यापाऱ्याचा माणूस गाडी थांबायच्या आत तीत हात घालून भाव सांगून मोकळा व्हायचा. धागा ओढून बघायला कुणाला वेळ नव्हता. काकाजींना वेळेआधीच घरी बसवलं होतं. काकू मी येण्याआधीच वारल्या होत्या, एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. बघण्याची सवय जडलेले दोन डोळे आणि बघण्यासारखं काही नाही, अशी त्यांची गत झाली. मग त्यांनी ते डोळे टीव्ही गेमच्या कामाला लावले.

पहिला गेम मुलीसाठी आणलेला होता. ती लहान असताना यवतमाळहून आणलेली करडी पेटी, दोन दांडीचे रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मुलगी मोठी झाली, गेली. काकाजी खेळत राहिले. पुढे आठवडी बाजारात, भंगारवाल्याकडे, कुणाच्या माळ्यावर असे गेम मिळवून त्यांनी सहा जमवले. भिंतीवरच्या फळीवर ते ओळीनं ठेवलेले असत आणि प्रत्येकाला प्रत दिलेली असे. 'प्रत पहिली. रंग स्वच्छ. आवाज किंचित फाटका.' 'प्रत तिसरी. उडी उशिरा.' कॅसेटच्या पितळी दातांना ते शाळेतल्या खोडरबरानं पुसत. कुणी तोंडानं फुंकर मारली तर चिडत. "तोंडातली वाफ म्हनजे गंज. सोताच्या ताटात फुकता का असं?"

एक दिवस विजा कडाडल्या आणि त्यांचा जुना डब्यासारखा टीव्ही गेला. जावयानं भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही पाठवला. तिथून आमच्या घरातल्या संशोधनाला सुरुवात झाली. जुना गेम लावला की नवा टीव्ही कधी 'सिग्नल नाही' म्हणायचा, कधी सगळं काळंपांढरं दाखवायचा. काकाजींनी नागपूरहून माहिती काढली. जुन्या गेमचं चित्र लहान, दोन-अडीचशे रेघांचं. नव्या टीव्हीला हजारावर रेघा लागतात. मध्ये तळहाताएवढी एक डबी लावायची. ती लहान चित्र घेते, मोठं करते आणि टीव्हीला देते. दुकानदार तिला कन्व्हर्टर म्हणायचा. काकाजी म्हणायचे दुभाषी. "गेम बोलते जुनी भाषा. टीव्ही हाय नवा सायेब. मधात दुभाषी नसन तं दोघंबी तोंडं पाहत बसतीन."

दुभाषी आला तरी तक्रारी मिटल्या नाहीत. काकाजींची रीत ठरलेली होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली तर त्या दिवशी दुसरं काही बदलायचं नाही. मी एकदा घाईनं वायर आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही बदलले आणि चित्र लागलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी दोन्ही परत काढायला लावले. "लागलं ते ठीक हाय. पन कोनामुळं लागलं हे कोन सांगन?"

त्यांचं निदान मात्र पक्कं असे. काळंपांढरं का दिसतं, तर तो गेम परदेशी रंगपद्धतीचा आहे आणि दुभाषी आपल्याकडची पद्धत धरून बसला आहे, हे त्यांनी चार दिवसांत शोधलं आणि डबीवरचं बटण फिरवून रंग आणले. न्हाव्याच्या दुकानातल्या गेमवर आडवे पट्टे सरकायचे. काकाजींनी नुसतं बघून सांगितलं, "चित्र नाई हालून राह्यलं, वीज हालून राह्यली. अ‍ॅडॉप्टर फेका." तसंच निघालं. एका गेमसोबत प्लास्टिकचं पिस्तूल होतं, पडद्यावरची बदकं मारायला. नव्या टीव्हीवर एक बदक मरेना. तीन आठवडे झटल्यावर नागपूरच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, की ते पिस्तूल जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालतं, नव्या पडद्याचा उजेड त्याला समजतच नाही. काकाजींनी फोन ठेवला. पिस्तूल पांढऱ्या रुमालात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली: 'दोष नाही. काळ गेला.' त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला हसू येत होतं, आणि हसू येतं याची लाजही वाटत होती.

या सगळ्याची एक वही होती. तारीख, काय बदललं, मग दोन रकाने. पहिल्यात त्यांचा शेरा, दुसऱ्यात माझा, आणि खाली माझी सही. रोज दुपारी साडेतीनला मी शाळेतून यायचो, चार वाजायच्या आत आमचं बघणं उरकायचं आणि मग काकाजी चहा टाकायचे. त्यांनी काय लिहिलं ते हातानं झाकून वही माझ्यापुढे सरकवायची, हा नेम. आमचे शेरे जुळले की त्यांचा चेहरा खुलायचा. गावात मला दुसरं कुणी नव्हतं. ती अर्ध्या तासाची बैठक आणि नंतरचा चहा हा माझ्या दिवसाचा सगळ्यात चांगला भाग होता, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षीची गोष्ट. फवारणीचे दिवस होते, गावभर औषधाचा उग्र वास. काकाजींचं डोकं दुखे, डोळ्यांतून पाणी येई. ते ओला रुमाल कपाळावर ठेवून बसत आणि म्हणत, "फवाऱ्याचा वास चढून राह्यला." एका दुपारी त्यांनी मला टीव्हीसमोर बसवलं. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे होते.

"मास्तर, या आकड्याभोवती कडं दिसते का? रंगीत?"

मी पाहिलं. आकडे धुतल्यासारखे स्वच्छ होते. "नाही काकाजी. चांगलं दिसतंय."

त्यांनी वायर बदलली. परत विचारलं. मी परत नाही म्हटलं. चार वाजून गेले तरी ते थांबले नाहीत, हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी त्यांनी वही मिटली. "तुमचा डोया कच्चा हाय," म्हणाले आणि आत गेले. चहा झाला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी जिना चढताना मुद्दाम पाय आपटले, तरी हाक आली नाही. मला राग आला, आणि त्याहून जास्त एकटं वाटलं.

चौथ्या दिवशी हाक आली. तोच पडदा, तेच आकडे. "आज पाहा बरं." आवाजात अशी अजिजी होती की मला गलबलून आलं. म्हातारा माणूस, आपलं काय जातं, असं मनात आलं. मी डोळे बारीक केले आणि म्हणालो, "हो. आहे थोडं."

काकाजींनी मांडीवर थाप मारली. "मी म्हनलं नोतं? दुभाष्याचीच खोट हाय!" मी सही केली. चहा आला, सोबत चिवडाही आला.

त्यानंतर मी कधी नाही म्हटलंच नाही. काही दिवसांनी त्यांची तक्रार सुरू झाली की दुभाषी चित्राच्या कडा कापतो. कोपऱ्यातला गुणांचा आकडा दिसत नाही. नवे टीव्ही कडा कापतात, हे खरं असतं. पण आमच्या पडद्यावर तो आकडा मला लख्ख दिसत होता. मी लिहिलं, 'कडा कापल्या जातात.' सही केली. नागपूरहून दुसरी डबी आली, मग तिसरी. पहिले काही दिवस काकाजी खूश असायचे, मग परत कडं. मला या खेळाची सवय झाली. कधी कधी तर वाटायचं, आहे की खरंच थोडंसं कडं.

त्याच दिवसांत काकाजी दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. बाजारात एका सायकलच्या आडवे आले आणि पडले; म्हणाले, "त्यानं घंटीच नाई वाजवली." चहा कपाच्या बाजूला ओतला गेला की बशीला दोष द्यायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत होत होतं. गणित शिकवणारा माणूस मी, पण साधी बेरीज केली नाही.

एक दुपार मात्र मी विसरू शकत नाही. तोवर त्यांचं सगळं बदलून झालं होतं. सहाही गेम, वायरी, अ‍ॅडॉप्टर, तीन डब्या. शेजारच्यांचा टीव्हीसुद्धा उचलून आणून लावला होता. कडं होतंच. काकाजी बराच वेळ वहीवर हात ठेवून बसले. मग हळूच म्हणाले, "सगळं बदललं मास्तर. आता बदलाचं एकच राह्यलं."

"काय?"

"माहे डोये." माझ्याकडे वळले. "माह्या डोयाचंच तं काई नसन? यवतमाळले जाऊन दाखवू का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली. "पन तुमाले बी दिसते नं. वहीत हाय तुमची सही."

ते थांबले होते. माझ्याकडे बघत होते. मी नुसतं "नाही, मला दिसत नाही" एवढं म्हणायचं होतं. पण मग आधीच्या सगळ्या सह्यांचं काय, हे मनात आलं. किती महिने मी त्यांना फसवत होतो हे एका वाक्यात उघडं पडलं असतं. मी म्हणालो, "हो. दिसतं मला."

"मंग डोयाचं नाई," काकाजी म्हणाले आणि सुटकेचा निःश्वास टाकून चौथी डबी मागवायला फोन लावला.

पुढच्या एप्रिलमध्ये जयंतीच्या संध्याकाळी विहारावर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. आम्ही दोघं वंदनेला निघालो. फाटकाशी काकाजी एकदम उभे राहिले. लोक "जयभीम ग्रेडरसाहेब" म्हणत बाजूनं जात होते, त्यांचं लक्ष नव्हतं. ते वर बघत होते.

"मास्तर, प्रत्येक दिव्याले कडं हाय."

मी वर पाहिलं. मला नुसते दिवे दिसले.

"इथं दुभाषी कुठी हाय?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही यवतमाळला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रं लावली, थेंब टाकले, पडद्यावरचे ठिपके मोजायला लावले. काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्यात मधलं तेवढं शिल्लक. ऑपरेशन करून आहे ते टिकवायचा प्रयत्न करता येईल, पण गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी सांगितलं. "दिव्याभोवती कडं दिसायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं हो," डॉक्टर म्हणाले. ते ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू बोलले.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ काकाजी बसले होते, बाजूला मी. अर्धी वाट सरली तेव्हा मी म्हणालो, "काकाजी, मला ते कडं कधी दिसलंच नव्हतं."

त्यांनी मान वळवली नाही. "एकदाबी नाई?"

"एकदाही नाही."

"आन कडा?"

"त्याही नाहीत. सगळं नीट दिसत होतं."

बोरी येईपर्यंत ते खिडकीकडेच तोंड करून बसले. मला वाटत होतं त्यांनी भर गाडीत माझ्या थोबाडीत मारावी. गाव आलं. गाडीच्या पायऱ्या त्यांना दिसेनात. एक पाय हवेत चाचपडत राहिला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरले. दुसरा कुणाचा खांदा तिथं नव्हता म्हणून ठेवला, हे मला कळत होतं.

नंतर त्यांनी मला वही दाखवली नाही आणि टीव्ही लावला नाही. चहाला मात्र रोज हाक मारत राहिले. एकदाही टोमणा नाही, एकदाही "काहून केलं असं?" नाही. त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? चहा बंद झाला म्हणून, एवढंच.

ऑपरेशननंतर मुलगी पुण्याहून आली. तिनं आठ दिवसांत घर आवरलं, फळीवरचे गेम खोक्यात भरले आणि काकाजींना पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी सामान उचलू लागायला खाली गेलो. काकाजी खाटेवर बसले होते, काळा चष्मा लावून. मुलगी बॅग बांधता बांधता थांबली. बरेच दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

"मले एक समजत नाही सर. बाबा इथं एवढे धडपडत होते, भिंतीवर आदळत होते. तुम्ही तं रोज त्यांच्याजवळ बसत होते. तुमच्या काहीच लक्षात नाही आलं? एक फोन करता येत होता नं मले."

आता सांगायचं, सगळं सांगायचं, असं ठरवून मी शब्द जुळवत होतो.

"त्याईनं सांगतलं होतं," काकाजी खाटेवरून म्हणाले.

ती वळली. "काय?"

"दोनदा सांगतलं. म्हने काकाजी, डोये दाखवून या, हे काई बरं दिसत नाई. मीच नाई गेलो. मले वाटे डबीचीच खोट हाय. त्याईच्यावर कायले चिडतं?"

"खरं बाबा?"

"मंग का खोटं बोलून राह्यलो मी?"

साडेचार वर्षांत मी काकाजींना खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच. बोलताना त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता. मी कुठे उभा आहे ते त्यांना दिसतही नसावं. मी म्हणू शकत होतो की असं झालं नाही. वाट बघत होते का ते, मी म्हणेन म्हणून? ते मला आजही ठाऊक नाही. आता काकाजी नाहीत, विचारायची सोय उरली नाही.

मुलगी खाली बसली. ओढणीनं डोळे पुसले. मग उठून माझ्यासमोर आली.

"माफ करा सर. मी भलतंच बोलली. आम्ही कोणी इथं नव्हतो, तुम्ही तरी होते त्यांच्याजवळ. तुम्ही तरी खरं सांगितलं त्यांले."

तिनं हात जोडले आणि वाकून मला नमस्कार केला. काकाजी खाटेवर तसेच बसून होते. मी तो नमस्कार घेतला, आणि त्यांची बॅग उचलून गाडीकडे निघालो.